द्राक्षांची पेटी : भरणी, थप्पी व चिठ्ठी

द्राक्षाची निपज करण्यांत आमचा बागाईतदार जी मेहनत घेतो ती सर्वांस ठाऊक आहे. छाटणीपासून काढणीपर्यंत चार-साडेचार महिने तो वेलीपासून दूर होत नाहीं. परंतु घड पेटींत गेला कीं त्याचें लक्ष ढिलें पडतें, आणि पुष्कळदां नुकसानीचा आरंभ तेथूनच होतो. न्हावा-शेव्याहून निघालेली पेटी कांहीं आठवड्यांनीं हॉलंड किंवा इंग्लंडमधील दुकानदाराच्या कोठारांत उघडते. तेथें बागाईतदार हजर नसतो. त्याच्या वतीनें पेटी व तिच्यावरील चिठ्ठी हींच काय तीं बोलतात. म्हणून या दोहोंविषयींच्या मुख्य गोष्टी या पाठांत क्रमानें सांगतों.

१. भरणी.— परदेशीं जाणारीं द्राक्षें बहुधा ५०० ग्रॅमच्या पारदर्शक पनेटमध्यें भरतात. असे दहा पनेट मिळून पेटीचें निव्वळ वजन ५ किलो होतें. घड दाबून बसवूं नये. एक मणी चिरडला तरी त्याच्या रसावर बुरशी येते व ती शेजारच्या घडांस लागते. वजन किंचित् झुकतें भरावें, कारण वाटेंत फळांतील ओलावा उडून तें घटतें.

भरलेल्या पेट्या प्रथम थंड कराव्या, आणि फळांतील उष्णता निघाल्यावरच ग्रेपगार्डचा कागद वर ठेवून आंतील प्लॅस्टिकचें वेष्टन मिटावें. हा कागद ओलाव्यानें गंधकाचा वायु सोडतो व त्यामुळें बुरशी आटोक्यांत राहते. फळ उष्ण असतांनाच वेष्टन मिटल्यास आंत पाणी सुटतें, वायु एकदम निघतो व मणी पांढुरके पडतात.

२. थप्पी.— पुठ्ठ्याच्या पेटीचें बळ तिच्या चार कोपऱ्यांत असतें. म्हणून कोपऱ्यावर कोपरा येईल अशी सरळ थप्पी लावावी. विटांप्रमाणें सांधा मोडून रचलेली थप्पी भक्कम दिसते खरी, परंतु वरचें ओझें खालच्या पेटीच्या कमकुवत भागावर येतें. त्यांत शीतगृहांतील दमटपणानें पुठ्ठा मऊ होतो, व तळच्या पेट्या बसतात. हवेचीं भोकें एकमेकांसमोर यावीं. नाहींतर मधल्या पेट्यांस थंडी पोंचत नाहीं. पॅलेट लांकडी असल्यास त्याचा गाभा ५६ अंश सेंटिग्रेडवर ३० मिनिटें तापविलेला असून त्यावर गव्हाच्या ओंबीचा आंतरराष्ट्रीय शिक्का आहे कीं नाहीं तें पाहावें. शिक्का नसल्यास उत्तम मालहि बंदरांत अडूं शकतो.

३. चिठ्ठी.— फळाचें नांव, जात, प्रत, देश, आणि भरणाऱ्याचें नांव व पत्ता किंवा त्याचा मान्य क्रमांक, एवढें तर पेटीवर असावेंच. त्याखेरीज निव्वळ वजन, पनेटची संख्या, भरणीची तारीख व बागेचा नोंदणी-क्रमांक स्पष्ट छापावा. चिठ्ठी थंडींत न सुटणाऱ्या गोंदाची असावी व पुठ्ठा कोरडा असतांनाच लावावी.

पेटीवरील बारकोड हा पनेटवरील बारकोडाहून निराळा असतो. पेटीचा क्रमांक १४ आंकडी घेण्याची वहिवाट आहे. पनेटचाच क्रमांक पेटीवर चिकटविला, तर कोठारांतील यंत्र दहा पनेटची पेटी एकच पनेट म्हणून जमा धरतें, आणि मग हिशेबाचा तंटा उभा राहतो. बारकोड पेटीच्या उभ्या बाजूवर, तळापासून ३२ मिलिमीटर वर व कडेपासून निदान १९ मिलिमीटर आंत असावा. तो कोपऱ्यावर दुमडूं नये, भोकावर किंवा चिकटपट्टीखालीं येऊं देऊं नये. पॅलेटचा १८ आंकडी क्रमांक स्वतंत्र असतो. एका पॅलेटचा क्रमांक दुसऱ्यास देऊं नये.

४. या खटाटोपाचें कारण.— समजा, एका बागेच्या मालांत औषधाचा अंश मर्यादेबाहेर सांपडला. पेट्यांवर बागेचा खरा क्रमांक व तारीख असेल, तर तेवढ्याच पेट्या बाजूस काढतां येतात. क्रमांक पुसट असेल किंवा साऱ्या पेट्यांवर एकच ठोकलेला असेल, तर दहा शेजाऱ्यांचा निर्दोष मालहि त्याबरोबर अडकतो. २०१० सालीं क्लोरमेक्वाटच्या अंशावरून भारतीय द्राक्षें युरोपांत अडविलीं गेलीं, हें अनेकांस आठवत असेल. अपेडानें २००६ सालीं सुरू केलेली ग्रेपनेट नोंदणी पेटीपासून बागेपर्यंतचा माग लावण्यासाठींच आहे. परंतु पेटीवरची चिठ्ठी खोटी असेल तर तो माग तेथेंच तुटतो. घाईच्या दिवसांत शेजारच्या बागेचा माल आपल्या क्रमांकावर घालणें कित्येकांस उपकार वाटतो. वस्तुतः तो दोघांच्याहि गळ्यांतील फांस होय.

५. शेवटची तपासणी.— गाडी भरण्यापूर्वीं दर पॅलेटमधून एक पेटी काढावी. भरणीच्या कामांत नसलेल्या माणसाकडून तिची चिठ्ठी मोठ्यानें वाचवावी, नंतर पेटी उघडून जात, संख्या व वजन ताडून पाहावें, आणि बारकोड यंत्रानें वाचला जातो कीं नाहीं याची खात्री करावी. चूक निघाल्यास त्या पॅलेटच्या साऱ्या पेट्या तपासाव्या. या कामास लागणारा अर्धा तास बागाईतदार बंधूंनीं वांयां गेला असें समजूं नये. गोदामांत सांपडलेली चूक नवी चिठ्ठी लावून सुधारतां येते. तीच परदेशांत सांपडली म्हणजे मालाबरोबर गिऱ्हाईकहि जाण्याचा संभव असतो.