जुनी कोठी उभी करताना

कळमेश्वरच्या पलीकडे एका गावात पोल्ट्री असलेले एक गृहस्थ गेल्या उन्हाळ्यात माझ्या दवाखान्यात आले, ते खाटेवर निजून. उजव्या मांडीचे हाड मोडलेले, चेहरा पांढराफटक. बंद पडलेल्या एका पोल्ट्रीतून त्यांनी खाद्याची लोखंडी कोठी स्वस्तात घेतली होती. खाली नसराळ्यासारखी निमुळती, चार पायांवर उभी राहणारी. हायड्रा क्रेनचे भाडे वाचवायचे म्हणून सहा जण, दोन दोर आणि बांबू घेऊन ती उभी करायला निघाले. मी पायाला फळी बांधून त्यांना नागपूरला मेडिकलमध्ये पाठवले. जाताना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दोन पैसे वाचवाले गेलो अन् पाय मोडून बसलो जी."

वाचकहो, आरोग्याच्या सदरात कोठीचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. पण शेतावरचा अपघात हाही आजारच, आणि बऱ्याच वेळा टाळता येण्याजोगा. म्हणून हा अपघात कसा घडला ते आधी पाहू.

आडवी पडलेली कोठी उचलताना सर्वांत जास्त जोर सुरुवातीला लागतो. जसजशी ती उभी होते तसतसा दोर हलका वाटू लागतो आणि माणसे निर्धास्त होतात. खरा धोका तिथेच. कोठीचे वजन वरच्या बाजूला असते. तोल मध्यरेषेच्या पुढे गेला की आतापर्यंत ओढावी लागणारी कोठी आपणहून ओढणाऱ्यांच्याच बाजूला कोसळते. यांच्या बाबतीत हेच झाले. "आली, आली" असा गलका झाला, आणि पाय बोल्टावर बसवायला हे पुढे वाकले होते. मागून धरून ठेवणारा दोरच नव्हता. पाय अर्धा तास लोखंडाखाली होता.

दिवाळीनंतर ते कुबडी घेऊन आले आणि म्हणाले, कोठी तर उभी करायचीच आहे. मी म्हटले, या वेळी मीही येतो. गावातला एक जुना फॅब्रिकेटर सोबत घेतला. त्या सकाळी मी जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट वजन. अंदाज बांधू नका. कोठी आणताना टेम्पो रिकामा आणि भरलेला, दोन्ही वेळा धर्मकाट्यावर नेला की वजन कळते. यांची कोठी तीनशे किलोच्या आसपास भरली. दुसरे, गंज. पाय जिथे जमिनीला टेकतात आणि जिथे कोठीला जोडलेले असतात तिथे हातोडीने ठोकून पाहावे. पापुद्रे निघाले, आवाज बद आला, तर तेवढा तुकडा बदलावा. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायचे असेल तर ते उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आणि आधी मुलामा घासून काढून करावे. त्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. लोक त्याला मलेरिया समजतात. आणि जुन्या कोठीत आधी काय भरले होते ते विचारा. औषधे किंवा रसायने असतील तर ती कोठी जनावरांच्या खाद्याला घेऊच नका, फुकट मिळाली तरी.

पाया हा आपल्याकडे वेगळाच विषय आहे. तीन घनमीटरची कोठी मक्याच्या भरड्याने भरली की दोन टनांच्या घरात जाते, म्हणजे एकेका पायावर अर्धा टन. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी टाकून चालत नाही. खड्डा मुरुमापर्यंत न्यावा, काँक्रीट किमान सात दिवस पाणी मारून मुरू द्यावे आणि बोल्ट त्यात आधीच बसवावेत. भरलेली कोठी चढवण्यासाठी मात्र आणखी तीन आठवडे थांबावे.

जागा ठरवताना वर पाहा. हे मी मुद्दाम ठासून सांगतो. रस्त्यापासून दूर, शेतातून जाणाऱ्या ११ केव्ही तारेची नियमाने किमान उंची ४.६ मीटर, म्हणजे जेमतेम पंधरा फूट. उन्हाळ्यात तापून तार आणखी लोंबते. कोठी, दोर आणि तिवई मिळून त्याहून उंच होते, आणि विजेला स्पर्शच हवा असे नाही, पुरेशी जवळीक झाली तरी ती झेप घेते. कोठी कोणत्याही बाजूला पडली तरी तारेला लागणार नाही एवढे अंतर हवे. ते नसेल तर जागा बदला, किंवा महावितरणला अर्ज करून लाइन बंद करून घ्या.

आता उचलणे. ट्रॅक्टरला दोर बांधून दूरवरून ओढणे ही आपली आवडती रीत, पण दोर जमिनीलगत असताना तो कोठीला उचलत नाही, फरफटत नेतो. आम्ही बोअरच्या मोटारी काढणाऱ्याकडून मजबूत लोखंडी तिवई आणि एक टनाची चेनकप्पी दिवसभरासाठी भाड्याने आणली. कोठीचे मागचे दोन पाय पायाच्या बोल्टाला बिजागरीसारखे अडकवले, म्हणजे ते घसरणार नाहीत. मागे एक दोर झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन एका माणसाच्या हाती दिला. पुढून जेवढे ओढले जाई तेवढाच तो सैल सोडी. हाच तो गेल्या वेळी नसलेला दोर. दोन्ही बाजूंनाही एकेक ताण होता.

कोठीला घातलेला फास फार पसरट ठेवू नये. फासाचे दोन पदर आडव्या रेषेशी साठ अंशात असतील तर तीनशे किलोसाठी प्रत्येकावर पावणेदोनशे किलोचा ताण येतो. तीस अंशात पसरले तर प्रत्येकावर पूर्ण तीनशे. दोर तोच, पण तुटतो.

सूचना देणारा माणूस एकच. कोठीखाली आणि दोराच्या रेषेत कोणी नाही, मुले तर आवारातच नाहीत. सकाळी सातला सुरुवात केली, कारण दुपारी वावटळ उठली तर पत्र्याची कोठी शिडासारखी वारा धरते. साडेनऊला चारही बोल्ट कसले गेले. सगळा खर्च हायड्राच्या भाड्याहून कमी झाला. तरी मी म्हणेन, शेजारच्या दोन-तीन पोल्ट्रीवाल्यांनी कामे एकाच दिवशी ठेवून हायड्राचे भाडे वाटून घ्यावे, ते अधिक बरे.

एवढे करूनही कोणी दबलाच, तर वजन पुन्हा घसरणार नाही याची सोय करून ते लगेच उचला आणि १०८ ला फोन करा. जमत नसेल तर माणसाला ओढू नका, पाठीचा कणा दुखावलेला असू शकतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. हळद, शेण, चुना काही लावू नका. चहा-पाणी पाजू नका, ऑपरेशन लागू शकते. किती वेळ दबला होता हे डॉक्टरांना अवश्य सांगा. १९४१ साली लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसे नंतर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत होती. डॉ. बायवॉटर्स यांनी त्याचा अभ्यास केला. चेंगरलेल्या स्नायूंतले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करते. लघवी काळ्या चहासारखी दिसली की समजावे आणि वेळ दवडू नये.

विजेचा धक्का बसलेल्याला घरच्या लाइनवर कोरड्या लाकडाने सोडवता येईल, ११ केव्हीवर नाही. तिथे लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळही जाऊ नका. नंतर श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहा. जखम झाली असेल तर पूर्वीच्या टी.टी.ऐवजी आता मिळणारे टी.डी.चे इंजेक्शन घ्यावे. गंजामुळे धनुर्वात होतो हा समज अर्धाच खरा आहे. जंतू माती-शेणात असतात, गंजके लोखंड त्यांना फक्त आत पोहोचवते.

शेवटी एक, जे उभी राहिल्यानंतरचे आहे. दमट खाद्य आत कमान धरते आणि खाली उतरत नाही. ते मोकळे करायला कोणी वरून आत उतरले आणि कमान मोडली, तर माणूस खाद्यात गाडला जातो आणि गुदमरतो. आमच्या पोल्ट्रीवाल्यांनी शिडीच्या वरच्या झाकणाला कुलूप लावले आहे, आणि बाहेरून ठोकायला एक रबरी हातोडा कोठीच्या पायालाच टांगून ठेवला आहे.