सही करण्याआधी माझं ऐक

अगं, त्या कागदावर सही करू नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

तू पाठवलेला मसुदा मी दोनदा वाचला. ‘मैं निजी कारणों से, स्वेच्छा से त्यागपत्र दे रही हूँ’, आणि त्याखाली ‘मेरा कंपनी पर कोई बकाया नहीं है’. निजी कारण कसलं गं? तुझी नोकरी परदेशातली ऑर्डर थांबली म्हणून चालली आहे. 2025 च्या जूनमध्ये अमेरिकेने पोलादावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं, कास्टिंगचा माल पडून राहिला, दुसरी शिफ्ट बंद झाली. हे सगळं तुझ्या सुपरवायझरनेच तुला सांगितलं ना? मग कागदावर तेच यायला हवं. ‘काम कमी झाल्यामुळे कपात’ एवढं लिहायला दोन ओळीसुद्धा लागत नाहीत.

मी इतकी वर्षं पगारपत्रकं करते, म्हणून आतली गोष्ट सांगते. दर महिन्याला ईएसआयच्या विम्याचं अंशदान भरताना ज्या कामगाराचे दिवस शून्य, त्याच्या नावापुढे पोर्टलवर कारण निवडावं लागतं. एक छोटी यादी उघडते. त्यात ‘लेफ्ट सर्व्हिस’ वेगळं आहे आणि ‘रिट्रेंचमेंट’ वेगळं. ऑफिसातल्या मुलाकडे तुझा राजीनामा असला, की तो पहिलंच निवडणार. त्याला तरी काय दोष द्यायचा? पण त्या एका क्लिकवर तुझ्या पुढच्या दोन वर्षांचा पैसा अडकलेला असतो.

आता आकडे ऐक. तुझा पगार 16,000 धरू, नोकरी आठ वर्षांची. रीतसर कपात असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याबदली पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांची सरासरी मजुरी, म्हणजे तुझे 120 दिवस. ग्रॅच्युइटी वेगळी. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी नवं काम शिकायला म्हणून मालकाने आणखी 15 दिवसांचा पगार एका निधीत भरायचा, आणि तो 45 दिवसांच्या आत तुझ्या खात्यात यायला हवा. हे तुमच्या शॉपमध्ये कुणालाच माहीत नसेल, मला खात्री आहे.

मग ईएसआय. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 2005 पासून आहे. कपात झाली किंवा कारखाना बंद पडला, आणि किमान दोन वर्षांचं अंशदान भरलेलं असलं, तर पहिले बारा महिने मजुरीच्या निम्मे आणि पुढचे बारा महिने पाव भाग. तुझ्या पगारावर ढोबळमानाने 1,44,000 होतात. त्या काळात घरच्यांचं औषधपाणीही चालू राहतं, आणि आईच्या शुगरच्या गोळ्या लक्षात घेता मला ते पैशापेक्षा मोठं वाटतं. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती लहान आहे: आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त 90 दिवस, मजुरीच्या निम्मी रक्कम, म्हणजे तुझ्यासाठी 24,000 च्या आसपास. तिची मुदत सरकार वाढवत आलंय, तेव्हा अर्ज करताना चालू आहे का ते पाहून घे. तिचा अर्ज तू स्वतः ऑनलाइन करू शकतेस, मालकाच्या शिक्क्यासाठी थांबावं लागत नाही. आपणहून नोकरी सोडणाऱ्याला मात्र दोन्हीकडे दार बंद. म्हणून तर म्हणते, सही नको.

तू विचारलंस, परदेशी व्यापारामुळे काम गेलं तर सरकार वेगळं काही देत नाही का? आपल्याकडे नाही. अमेरिकेत होतं. केनेडींच्या काळात, 1962 च्या कायद्यात ते आलं आणि 1974 मध्ये सोपं झालं. तिथे एका कारखान्यातले तीन कामगार मिळून अर्ज करू शकत, की आयातीमुळे आमचं काम गेलं. ते मान्य झालं, की नवं काम शिकण्याचा खर्च आणि शिकेपर्यंत आठवड्याचा भत्ता मिळे. जुलै 2022 पासून तिथेही नव्या अर्जांना मंजुरी देणं थांबलं. युरोपने 2007 पासून याच कामासाठी निधी ठेवला आहे. आपल्याकडे मदत होते ती कारखान्याची. एप्रिल 2025 मध्ये स्वस्त आयात रोखायला पोलादाच्या पत्र्यांवर 12 टक्के संरक्षक शुल्क लावलं. नोव्हेंबरमध्ये निर्यातदारांसाठी 20,000 कोटींपर्यंतच्या कर्जाची हमी मंजूर झाली. ते करायलाच हवं होतं, भिलाईत राहून मी दुसरं काय म्हणणार? पण त्या हमीतला एक रुपयाही घरी बसलेल्या माणसाच्या नावाने निघत नाही, याचा मला खरंच राग येतो.

आपल्या लोकांना हे नवीन नाही. मुंबईचा गिरणी संप 1982 चा, आणि बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी केंद्राचा पुनर्वसन निधी आला 1986 मध्ये. पहिल्या वर्षी मजुरीच्या 75 टक्के, मग 50, मग 25. पण गिरणी कायमची बंद झाल्याचं कागदोपत्री सिद्ध व्हावं लागे. 2017 च्या एप्रिलपासून तो निधी मी वर सांगितलेल्या राजीव गांधी योजनेतच मिसळला. आणि भिलाईबद्दल तर काय सांगू? कामावरून काढलेल्यांना परत घ्या, हीच तर मागणी होती कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या लोकांची. 1991 च्या सप्टेंबरात नियोगींचा खून झाला, पुढच्या 1 जुलैला पॉवर हाऊस स्टेशनावर रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळ्या चालल्या. आज जो थोडाफार हक्क कागदावर उरला आहे, तो असा सहीने परत देऊन टाकायचा?

तुझी भीती मला कळते. ‘सही कर, नाहीतर हिशेब लटकेल’ असं सांगून राहिलेत ना? लटकवता येत नाही. राजीनामा असो की कपात, नव्या वेतन संहितेत दोन कामाच्या दिवसांत मजुरी चुकती करायची आहे. आणि ‘ऑर्डर आली की तुलाच बोलावू’ हे तोंडी आश्वासन. कपातीचा कागद असेल तर एका वर्षाच्या आत भरती निघाल्यावर तुला आधी विचारणं कायद्याने बंधनकारक आहे. राजीनामा दिलेल्या बाईला कोण बोलावतं?

पीएफ लगेच सगळा काढू नकोस. विशेषतः पेन्शनचा भाग. तुझी आठ वर्षं झाली आहेत, दहा झाली की 58 व्या वर्षी पेन्शन सुरू होते. तो पैसा आज काढलास तर ती आठ वर्षं पुसली जातील. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घे, पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडली जातात. दिवाळीला स्कूटरचे हप्ते थकले म्हणून तिकडे हात घालू नकोस, हप्त्यांचं आपण घरात बघू.

तुझ्या सोबतच्या त्या ठेकेदाराकडच्या मुलींनाही हे सांग. त्यांच्याही पगारातून ईएसआयचे पाऊण टक्के कापले जातात, पण ते पुढे भरले जातात की नाही हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. ईएसआयच्या पोर्टलवर स्वतःच्या विमा क्रमांकाने दिसतं सगळं. भरलेलं नसेल तर तक्रार आत्ताच, नोकरी असताना करायची. नंतर ठेकेदार फोन उचलत नाहीत.

उद्या गेलीस की वाद घालू नकोस. एवढंच म्हण, घरी विचारून सांगते. हजेरीकार्डाचे, पगाराच्या चिठ्ठ्यांचे, मसुद्याचे फोटो आधी काढून ठेव, कारण गेटपास काढून घेतला की काहीच हाती लागत नाही. मग एक साधा अर्ज लिही: मी राजीनामा देत नाही, काम नसेल तर मला रीतसर कपातीचं पत्र द्यावं. दोन प्रती काढ आणि एकीवर पोच घे. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठव. त्यांनी गेटवर अडवलंच, तर सोमवारी मी सुट्टी काढते, आपण दोघी दुर्गच्या श्रम कार्यालयात जाऊ. येताना आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन ये, आणि पासबुकावरचं नाव आधारशी जुळतंय का ते आज रात्रीच बघ. लग्नानंतर तू एका ठिकाणी नाव बदललंस आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असं मला अंधूक आठवतंय.