हमीदचा चिमटा आणि संतामायची भाकरी

प्रश्न : आम्ही बरीच वर्षं लखनौच्या जानकीपुरममध्ये राहतो. नात अकरावीत आहे. तिच्या हिंदीच्या पुस्तकात प्रेमचंदांची ‘ईदगाह’ आहे. परवा तिनं ती मला मोठ्यानं वाचून दाखवली आणि विचारलं, “आजी, मराठीत अशी आजी-नातवाची गोष्ट आहे का? आणि असल्या गोष्टींतले सगळे इतके गरीब, इतके दुःखी का असतात?” पहिल्या प्रश्नावर मला ‘श्यामची आई’ आठवली, पण ती पडली आईची. दुसऱ्यावर काहीच सुचलं नाही. तुम्ही सांगाल का?
– एक आजी, जानकीपुरम, लखनौ

उत्तर : नातीचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

‘ईदगाह’मध्ये कोण कोण नाही ते बघा. हमीदचे वडील पटकीनं गेले. पाठोपाठ आई पिवळी पडत पडत गेली. उरली म्हातारी अमीना आणि चार-पाच वर्षांचं पोर. पोराला सांगून ठेवलंय की अब्बा पैसे कमवायला गेलेत, येताना थैल्या भरून आणतील. आजी-नातवंडांच्या ज्या गोष्टी मनात घर करून राहतात, त्यांतल्या बऱ्याच अशाच असतात. मधली पिढी नसते. ती मेलेली असते, पोटामागे दूर गेलेली असते, नाहीतर घरात असून नसल्यासारखी असते. आईबाप धडधाकट आणि कमावते असतील तर आजी चार गोष्टी सांगते, हातावर लाडू ठेवते आणि बाजूला होते. लेखकाला तिच्याकडे फार वेळ बघायचं कारणच उरत नाही. आपण नातवाला दुधावरची साय म्हणतो. या गोष्टींत मुळात दूधच आटलेलं असतं. म्हणून गरिबी, म्हणून दुःख. आधाराची माणसं निघून गेली की ज्यांना आधार हवा तीच दोन माणसं, एक फार म्हातारं आणि एक फार लहान, एकमेकांच्या अंगावर पडतात. मग कोण कुणाला सांभाळतं, हाच कथेचा विषय होतो.

प्रेमचंदांनी हा प्रश्न १९३३ सालच्या या गोष्टीत तीन पैशांवर आणून ठेवला. मोहसिनकडे पंधरा पैसे, महमूदकडे बारा, हमीदकडे तीन. तव्यावरून रोट्या काढताना आजीची बोटं भाजतात म्हणून तो जत्रेतून लोखंडी चिमटा घेतो. दुकानदार सहा पैसे सांगतो, पोरगं तीनवर आणतं. वर्गात याचा धडा ‘त्याग’ असा शिकवला जातो आणि मला तिथं जरा चिडचिड होते. हमीद संत नाही. मिठाई खाणाऱ्यांवर तो मनात जळतो. चिमटा खांद्यावर बंदुकीसारखा टाकून मित्रांच्या मातीच्या शिपाई-भिश्त्यांना वादात हरवतो. पोराला जिंकायचंय आणि तो जिंकतो. घरी आल्यावर अमीना आधी छाती पिटून घेते : दुपार झाली, ना काही खाल्लं ना प्यायलं, आणलं काय तर चिमटा! मग कारण कळतं आणि ती रडायला लागते. शेवटी प्रेमचंद स्वतःच सांगून टाकतात की पोर म्हातारं झालं आणि म्हातारी पोर झाली. गोष्टीचा जीव या अदलाबदलीत आहे. नातीला विचारा, अमीना नेमकी कशासाठी रडली? पोरगं उपाशी राहिलं म्हणून, की आपली भाजलेली बोटं इतके दिवस कुणीतरी बघत होतं हे कळलं म्हणून?

प्रेमचंदांना हे कुठून सुचलं याचा तर्क करायला फार लांब जावं लागत नाही. सात-आठ वर्षांचे असताना त्यांची आई गेली. आजीनं सांभाळलं, पण तीही लवकरच गेली. तुमच्या शहराशी त्यांचा संबंध जवळचा. ‘माधुरी’ मासिकाचं संपादन त्यांनी लखनौत राहून केलं, आणि एप्रिल १९३६ मध्ये प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून ते लखनौलाच आले होते. त्याच वर्षी जूनमध्ये मॅक्झिम गोर्की गेले आणि ऑक्टोबरमध्ये प्रेमचंद. गोर्कींचं नाव उगाच घेत नाही. त्यांच्या बालपणाच्या आत्मकथेतही वडील पटकीनंच जातात आणि पोरगं निझनी नोवगोरोदला आजोळी येऊन पडतं. आजी अकुलिना गोष्टींचं भांडार. आजोबा काशिरिन मात्र रंगाऱ्याचा कारखाना चालवणारे, तापट आणि पुढे पुढे भयंकर कंजूष. टेबलावरचं कापड रंगात बुडवलं म्हणून ते नातवाला शुद्ध हरपेपर्यंत मारतात. म्हातारपणी बायकोशी खर्चाची वाटणी करतात आणि चहाची पत्तीसुद्धा मोजून घेतात. आजोबा म्हटलं की मऊ दाढी आणि खिशात गोळ्या, एवढंच ज्यांना हवं असतं त्यांनी गोर्की वाचू नये. संकट माणसाला चांगलंच करतं असं नाही, हे त्या एका घरात दोन म्हाताऱ्यांकडे बघून कळतं.

आता मराठी. ‘श्यामची आई’ आठवली ते अगदीच गैर नव्हतं; त्यात एक अख्खी रात्र दूर्वांच्या आजीची आहे. पण ‘ईदगाह’च्या शेजारी ठेवायचं पुस्तक मला विचाराल तर ते शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’, १९८४ सालचं. अक्कलकोट तालुक्यातलं हन्नूर हे त्यातलं गाव. बापानं नाव न दिलेलं पोर, आणि त्याला वाढवणारी आजी संतामाय. तिच्यासोबत राहणारा महमूद दस्तगीर जमादार, म्हणजे दादा, बसस्टँडवर हमाली करतो. तो मुसलमान, रक्ताचा कुणी नाही, पण पोराचा आजोबा म्हणायचा तर तोच. त्यातला एक प्रसंग वाचताना घास अडकतो. गुरांच्या शेणातून निघालेली ज्वारी धुऊन, वाळवून, दळून संतामाय तिची भाकरी करते. पोराच्या वाट्याला चांगली भाकरी येते, स्वतः ती ही खाते. पोरगं तिच्या भाकरीचा तुकडा तोंडात टाकून बघतं आणि शेणाचा वास येतो. बस्स, एवढंच. चिमटा नाही, जत्रा नाही, दुआ नाही. प्रेमचंदांनी आपल्याला शेवटी रडायची मुभा दिली. लिंबाळे देत नाहीत, कारण ते गोष्ट सांगत नाहीत, स्वतःचं ताट दाखवतात. नातीला हे पुस्तक झेपेल का, असं तुम्हाला वाटेल. अकरावीतल्या मुलीला झेपतं. बरोबर कुणी बसलं तर जास्त. मराठी वाचायला तिला जड जात असेल तर सूर्यनारायण रणसुभे यांनी ते हिंदीत आणलंय.

मधली पिढी जिवंत असूनही हरवलेली, असा प्रकार पाहायचा तर ‘नटसम्राट’. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० मध्ये रंगभूमीवर आलं. आपल्याला लक्षात राहतात ती अप्पासाहेबांची लांब लांब स्वगतं. पण घर फुटायला सुरुवात होते ती छोट्या ठमीवरून. आजोबा नातीशी तिच्या वयाचे होऊन खेळतात आणि सुनेला ते वळण लावण्याच्या आड येतं. त्यात सून पूर्ण चूक नाही, हे शिरवाडकरांचं मोठेपण. आजोबांचा लाड आणि आईची शिस्त यांचं भांडण तुमच्या-आमच्या घरांतही रोज होतं. फरक इतकाच, की तिथं म्हाताऱ्यानं सगळं आधीच वाटून टाकलेलं असतं, त्यामुळे त्याला परतायला जागा नाही. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त तर नातवंडंसुद्धा हाताशी नाहीत. मुलगा अमेरिकेत, आणि नाना-नानी घरी येणाऱ्या कुणालाही धरून ठेवायला बघतात.

मग यात दिलासा कुठे, असं नात म्हणेल. आहे, पण तो संकट टळण्यात नाही, ते कसं सांगितलं जातं त्यात आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आजी-नातवाचं पुस्तक म्हणून कुणी वाचत नाही, पण मला ते तसंही दिसतं. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला. पुढची पाच वर्षं बाईंनी नातलगांच्या आधारानं वेगळं राहून काढली. प्लेग, दारिद्र्य, तऱ्हेवाईक नवऱ्यानं घरातली वस्तू उचलून कुणालाही देऊन टाकणं, हे सगळं त्या अशा सुरात लिहितात की वाचणारा हसतो आणि हसून झाल्यावर दचकतो. मुलगा देवदत्त यांनी आईला लिहितं केलं. चौथा भाग अपुरा ठेवून ती गेली, तो त्यांनीच पुरा केला. आणि पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्याच पुस्तकाची टिपांसकट संपादित आवृत्ती १९८९ मध्ये सिद्ध केली. आजीनं म्हटलेलं गाव कोणतं, माणूस कोण, साल कोणतं, हे नातू बसून ताडून बघतोय! आजीच्या हालअपेष्टांचा याहून चांगला वारसदार मला दुसरा माहीत नाही. लाडानं नव्हे, अभ्यासानं.

उलट्या दिशेचीही उदाहरणं आहेत. सुधा मूर्तींनी लिहिलंय की बारा वर्षांच्या असताना त्यांनी आपल्या निरक्षर आजीला कन्नड मुळाक्षरं शिकवली, कारण आजीला साप्ताहिकात क्रमशः येणारी त्रिवेणींची ‘काशीयात्रे’ ही कादंबरी स्वतः वाचायची होती. आणि मैनपुरीत जन्मलेल्या गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’त ऐंशीची आजी नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मुलगा, सून, लेक सगळे हरतात. तिच्या खोलीत बिनधास्त घुसून मस्करी करू शकतो तो नातू सिड. त्याच्यामुळे ती लगेच उठते असं नाही. पण तिच्यावर उपचार न करता तिच्याशी बोलणारा घरात तो एकटाच आहे.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. मुलांसाठी मराठीत जे लिहिलं जातं त्यातली आजी फार साखरेची. तिला गुडघेदुखी असते, पण राग नसतो, हट्ट नसतो, स्वतःचं काही हवं नसतं. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ मालिकेतले आजी-आजोबा मला म्हणूनच आवडतात. ते आपापल्या उद्योगात असतात, आणि राधा मधे मधे येते.

आता तुम्हा दोघींसाठी एक सूचना, विषयाला थोडी सोडून. तुम्ही मराठी वाचता, ती हिंदी. तर दोन्ही भाषांत असलेलं असं पुस्तक घ्या ज्यात अवघड दिवस आहेत आणि तुमचाच मुलूख आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जापायी, दक्षिणा मिळेल या आशेनं उत्तरेत निघाले आणि ऐन अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीत सापडले. झाशी पडली तेव्हा ते आत होते. मिळवलेलं पुन्हा पुन्हा लुटलं गेलं आणि शेवटी काय आणलं तर आईवडिलांसाठी गंगेची कावड. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापलं गेलं. त्याचा हिंदी अनुवाद, ‘आँखों देखा गदर’, केला तो लखनौच्या चौकात राहणाऱ्या अमृतलाल नागरांनी. हेच नागर पुढे सत्तावन्नच्या आठवणी गोळा करायला अवधच्या गावागावांत फिरले आणि ‘गदर के फूल’ लिहिलं. शंभर वर्षांनी डोळ्यांनी पाहिलेलं कोण उरणार? लोक सांगत होते ते घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं.

एक पान तुम्ही मराठीतून वाचा, त्यापुढचं तिला हिंदीतून वाचू द्या. सुरुवातीचा यज्ञ-दक्षिणेचा भाग तिला कंटाळवाणा वाटला तर खुशाल गाळा आणि झाशीपासून सुरू करा.