सह्याद्रीच्या उतारावरील कौलारू घर : रचना व निगा

शेतकऱ्याचे घर हे त्याच्या शेतीचेच एक साधन होय. बियाणे, धान्य, अवजारे व गुरे यांचे रक्षण घराच्या बांधणीवर अवलंबून असते. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत सह्याद्रीच्या उतारावर वर्षाला साधारणतः २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो व तो बहुतेक सर्व चार महिन्यांतच कोसळतो. तेथील जुन्या घराचा प्रत्येक भाग या पावसाचा विचार करूनच बांधलेला आढळतो.

रचना व तिची कारणे

घर उंच जोत्यावर उभे असते. त्यामुळे डोंगरावरून येणारे पाणी आत शिरत नाही व भिंतीच्या पायाला ओल लागत नाही. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या किंवा मातीच्या असतात. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो व हवेत राहिल्यावर कठीण होतो. तथापि तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषून घेतो. सबब छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे आणलेली असते.

छप्पर दोन्ही बाजूंस चांगले उतरते असते. त्यावर पूर्वी गवत किंवा नळीची कौले घालीत. १८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. त्यानंतर मंगळुरी कौलांचा प्रसार कोकणभर झाला. एखादे कौल फुटले तर तेवढेच बदलता येते, हा या छपराचा मोठा गुण होय.

पुढे पडवी, मग ओटी, मध्ये माजघर व मागे स्वयंपाकघर अशी मांडणी सामान्यतः असते. पडवीमुळे झडीचा पाऊस आतल्या भिंतींपर्यंत पोचत नाही. चुलीचा धूर माळ्यावरून कौलांच्या फटींतून बाहेर पडतो. या धुराने वासे कोरडे राहतात, त्यांना कीड कमी लागते व आढ्याखाली टांगलेले बियाणेही टिकते.

बंद घराचा प्रश्न

१८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन झाली. पुढे परळ, लालबाग भागांतील गिरण्यांत कोकणातील हजारो माणसे कामास लागली. त्यांच्या मनिऑर्डरीवर गावाकडील घरखर्च चाले व घराची डागडुजीही होई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला व त्यानंतरच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. काही कामगार गावी परतले; पुष्कळांची कुटुंबे मात्र मुंबईतच राहिली. त्यांपैकी अनेकांचे गावचे घर शिमग्याला व गणपतीला तेवढे उघडते.

येथेच खरी अडचण आहे. चाकरमानी गणपतीस येतो तो भाद्रपदात. तोपर्यंत आषाढ-श्रावणाच्या पावसाने व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते. एका सरकलेल्या कौलातून पाणी गळते, त्याने रीप कुजते, मग वासा खचतो व शेवटी भिंतीच्या माथ्यात पाणी मुरून भिंत बसते. घरात चूल पेटत नसल्याने लाकूडही दमट राहते. जे काम वैशाखात एका दिवसाचे असते, त्यासाठी पुढे संपूर्ण पाखे उतरवावे लागते.

वैशाखात करावयाची कामे

१. सर्व कौले तपासावीत, फुटकी बदलावीत व पन्हळीतील पालापाचोळा काढावा.

२. वासे व रिपा ठोकून पाहाव्यात. पोकळ आवाज येणारे लाकूड बदलावे. वाळवीच्या प्रतिबंधासाठी लाकडास काजूच्या टरफलांचे तेल लावावे. ते कातडीस भाजते, म्हणून हातमोजे घालावेत.

३. घराच्या डोंगराकडील बाजूस चर खणून पाणी दोन्ही अंगांनी वळवावे.

४. पडवीच्या उघड्या बाजूस झावळ्यांच्या झडी बांधाव्यात.

५. शेणखताचा खड्डा भिंतीपासून दूर ठेवावा.

घरामागील डोंगरास भेगा दिसल्या, झाडे कलली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर घराचा मोह न धरता माणसे व गुरे तात्काळ हलवावीत आणि तहसील कार्यालयास कळवावे. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली, हे विसरता कामा नये.

कार्यकर्त्यांनी काय करावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी होळीच्या सुमारास गावातील बंद घरांची यादी तयार करावी. अनेक गावांची ग्रामस्थ मंडळे लालबाग, परळ, दादर व गिरगाव येथे आहेत. त्यांच्याकडे ही यादी पाठवावी. मंडळाने घरमालकांकडून खर्च गोळा करावा व गावातील शाकारणी जाणणाऱ्या माणसांकडून सर्व घरांचे काम एकदम करून घ्यावे. असे केल्याने माणसांना गावातच मजुरी मिळेल, तरुणांच्या हाती ही विद्या राहील आणि गणपतीस येणाऱ्या चाकरमान्याला आपले घर उभे दिसेल.