प्रिंटची ओळ आणि परभणीची अक्षरं

परभणी

चि. भाच्यास,


सी भाषेत इतकी वर्षं मुरल्यावर तू पायथन शिकायला घेतलंस, हे फार चांगलं केलंस. पण पहिल्याच धड्यातला प्रिंट 'हे तर येतंच' म्हणून ओलांडू नकोस. नवशिक्याला तो अक्षरं उमटवणारा एक शब्द वाटतो. तुझ्यासारख्या जाणत्याने त्यात भाषेचा स्वभाव वाचायला हवा. सीमध्ये छापायचं ते आकडा आहे की मजकूर, हे टक्क्याची खूण घालून तू सांगतोस आणि ओळही तूच मोडतोस. पायथनमध्ये मूल्याला स्वतःचा प्रकार ठाऊक असतो, आणि प्रिंट शेवटी आपण होऊन ओळ मोडतो. 2008 साली पायथन 3 आलं तेव्हा प्रिंट स्टेटमेंट न राहता फंक्शन झाला आणि बिनकंसाच्या जुन्या ओळी चालेनाशा झाल्या. पण त्यामुळेच तो आता दुसऱ्या फंक्शनच्या हाती सोपवता येतो.

तू म्हणशील, हे मदतपानावर मिनिटात सापडतं, पाठ कशाला करायचं? पाठ करूच नकोस. पण मदतपान विचारलेल्याचंच उत्तर देतं, आणि जुन्या सवयीच्या माणसाला विचारायचंच सुचत नाही. आपल्या जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांची नावं आणि समोर पावसाचे आकडे, असा तक्ता छाप. यूटीएफ-8 मधल्या 'परभणी'ची लांबी सी 15 सांगेल, कारण ती बाइट मोजते. पायथन 5 सांगेल, कारण ते युनिकोडची चिन्हं मोजतं आणि शेवटची वेलांटी वेगळी धरतं. वाचणाऱ्याला अक्षरं दिसतात 4. 'जिंतूर'चे असेच 18, 6 आणि 3. रुंदी 10 दिलीस, तर सी दोन्ही नावांपुढे एकही जागा सोडणार नाही. पायथन एकापुढे 5 आणि दुसऱ्यापुढे 4 सोडेल. रकाने दोन्हीकडे वाकडेच. नावं रोमन लिपीत लिहिली तर हा प्रश्न उरत नाही, हे खरं. पण तो तक्ता सेलूच्या शेतकऱ्याने वाचायचा आहे, आणि त्याच्या सोयीपुढे आपली सोय दुय्यम आहे.

म्हणून मराठी रकाने मोकळ्या जागांनी जुळवू नकोस. स्वल्पविराम घालून सीएसव्ही फाइल लिही, मांडणी एक्सेलवर सोड, आणि फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-8-सिग' द्यायला विसरू नकोस, नाहीतर एक्सेलमध्ये मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात. येत्या रविवारी नऊही नावं दोन्ही भाषांत छापून बघ आणि दोन्ही तक्ते मला पाठव.

तुझा,
मामा