तळहातावरचे चित्र पडद्यावर

मनुष्याला एखादी सुंदर गोष्ट एकट्याने पाहून समाधान होत नाही. डोंगरमाथ्यावरून दिसणारा सूर्यास्त असो की आकाशात उमटलेले इंद्रधनुष्य असो, ते दिसताच "अरे, इकडे या, हे पाहा!" अशी हाक आपोआप तोंडातून बाहेर पडते. मोबाइल फोनने जगातील असंख्य दृश्ये आपल्या तळहातावर आणून ठेवली. परंतु तळहात तो केवढा! त्यावरील चित्र एका वेळी एकाला, फार तर दोघांना दिसावे. चौघे पाहू लागले की डोक्याला डोके लागते आणि मागच्याला काहीच दिसत नाही. म्हणून फोनमधील चलच्चित्र दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्यावर लावण्याची युक्ती निघाली. हल्ली पुष्कळ घरांतून ही युक्ती रोज वापरली जाते. फोनवरील एका लहानशा खुणेला बोट लावावे आणि काही क्षणांत चित्र समोरच्या पडद्यावर उमटावे! पण मधल्या त्या क्षणांत काय घडते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते आज आपण पाहू.

प्रथम दूरचित्रवाणी संचाचा विचार करू. भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला आणि मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी एखाद्याच घरी संच असे आणि आळीतील लहानथोर त्याच्यापुढे गोळा होत. केंद्रावरून जे चित्र प्रक्षेपित होई, ते तो संच मुकाट्याने दाखवी. स्वतः होऊन काही मागण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नव्हते. आजचा स्मार्ट टीव्ही बाहेरून पडद्यासारखाच दिसत असला, तरी त्याच्या पोटात एक छोटा संगणक बसविलेला असतो. तो इंटरनेटशी जोडला जातो, दुसऱ्या यंत्राने पाठविलेला निरोप घेतो आणि हवी ती गोष्ट स्वतः मागवून घेतो. एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे सारे समजण्यास सोपे जाईल.

फोन आणि टीव्ही यांच्यामध्ये तार नसते. मग निरोप जातो कशावरून? तो रेडिओ लहरींवरून जातो. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु त्यांचा वेग प्रकाशाइतका असतो. १८९० नंतरच्या दशकात आपले थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याला काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या आणि अशा अदृश्य लहरींच्या साहाय्याने दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखविली. आज घरोघरी वाय-फाय नावाची जी योजना असते, तिच्यातही अशाच लहरी असतात. त्यांची लांबी सुमारे ६ किंवा १२ सेंटिमीटर असते. या लहरी घेणारी व पाठविणारी पेटी म्हणजे राउटर. राउटर ही जणू घरातील टपालकचेरीच होय. घरातील प्रत्येक यंत्राला तेथे एक क्रमांक मिळतो. तोच त्याचा पत्ता. एका यंत्राने दिलेला निरोप राउटर पत्ता पाहून दुसऱ्या यंत्राकडे पोचवितो.

आता समजा, तुमच्या आजीला पंढरीच्या वारीचे चलच्चित्र पाहावयाचे आहे. तुम्ही ते फोनवर शोधून काढले. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान चौकट आणि तिच्या खालच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या दोन-तीन वक्र रेषा, अशी खूण तुम्हांला दिसेल. ही 'कास्ट' करण्याची खूण. 'कास्ट' म्हणजे फेकणे. पण प्रत्यक्षात चित्र कोणी फेकीत नाही. फोन आधी घरातील सर्व यंत्रांना उद्देशून एक पुकारा करतो : "येथे चित्र दाखविणारे कोणी आहे काय?" टीव्ही उत्तर देतो : "मी आहे, माझे नाव अमुक, माझा क्रमांक अमुक." मग ते नाव फोनवर उमटते. हा पुकारा घराच्या वाय-फायबाहेर जात नाही. म्हणूनच फोन एका वाय-फायवर आणि टीव्ही दुसऱ्या वाय-फायवर असला, तर दोघे एकाच खोलीत असूनही त्यांची गाठ पडत नाही. अशा वेळी टीव्ही बिघडला असे समजून त्याला दोष देण्याचे कारण नाही. दोघांना एका ठिकाणी जोडले म्हणजे काम भागते.

तुम्ही टीव्हीच्या नावावर बोट ठेवता. त्यानंतर जे घडते, ते मोठे मौजेचे आहे. पूर्वी आई मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला वाण्याकडे धाडीत असे. चिठ्ठीवर जिन्नसांची नावे असत. जिन्नस मुलगा स्वतः घेऊन येई. फोन येथे आईचे काम करतो आणि टीव्ही मुलाचे. चलच्चित्र इंटरनेटवर कोठे ठेवलेले आहे, एवढेच फोन टीव्हीला कळवितो. मग टीव्ही त्या ठिकाणाहून चलच्चित्र तुकड्यातुकड्यांनी आपण होऊन मागवितो आणि पडद्यावर दाखवितो. वारीचे एकही दृश्य फोनमधून टीव्हीत जात नाही! पुढे फोनकडे काम उरते ते हुकूम सोडण्याचे : थांब, पुढे चल, आवाज वाढव. म्हणून चित्र चालू असताना तुम्ही फोनवर कोणाशी बोललात, तरी आजीची वारी सहसा थांबत नाही. बहुधा फोनचा पडदा मिटवून ठेवला तरीही ती चालूच राहते. फोनच्या विजेचीही त्यामुळे बचत होते.

परंतु चलच्चित्र इंटरनेटवर नसून तुम्हीच घेतलेले असले तर? ताईच्या लग्नाचे किंवा शाळेतील संमेलनाचे चलच्चित्र तुमच्या फोनमध्येच असते. तेथे जावयाला वाण्याचे दुकान कोठले? अशा वेळी फोनलाच दुकानदार व्हावे लागते. टीव्ही एकेक तुकडा मागतो आणि फोन तो वाय-फायवरून देत जातो. फोन घेऊन तुम्ही घराबाहेर गेलात की दुकान बंद पडते आणि चित्रही थांबते.

आता दुसरी रीत पाहू. हिला 'मिररिंग' म्हणतात. मिरर म्हणजे आरसा. या रीतीत फोनच्या पडद्यावर जे जे दिसते, ते ते टीव्हीवर जसेच्या तसे दिसते. येथे मात्र चित्र खरोखरच फोनमधून टीव्हीकडे जाते. हे काम किती मोठे आहे, याचा हिशेब करू. उत्तम प्रतीच्या पडद्यावर एका ओळीत १,९२० ठिपके आणि अशा १,०८० ओळी असतात. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके झाले. संगणकाला ० आणि १ हे दोनच अंक कळतात आणि अशा एका अंकाला बिट म्हणतात. एका ठिपक्याचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात. सेकंदाला अशी ३० चित्रे पाठवावयाची, तर एका सेकंदात सुमारे १४९ कोटी बिट होतात! घरातील साध्या वाय-फायला एवढा भार पेलणे कठीण.

यावर शास्त्रज्ञांनी सुरेख तोड काढली आहे. अंगणात चिमणी उडत असेल, तर एका चित्रातून दुसऱ्या चित्रात काय बदलते? चिमणीची जागा. भिंत, तुळशीवृंदावन आणि अंगण जेथल्या तेथेच असतात. मग पुनःपुन्हा सारे कशाला सांगावे? पहिले चित्र पूर्ण पाठवावे आणि पुढे केवळ बदल तेवढे कळवावे. याखेरीज डोळ्यांना जाणवत नाहीत असे बारीक भेद गाळूनही टाकतात. या उपायांनी अंकांची संख्या विलक्षण घटते. इंटरनेटवरून तशाच उत्तम प्रतीचे चलच्चित्र पाहण्यास सेकंदाला सुमारे ५० लाख बिट पुरतात. म्हणजे मूळच्या सुमारे तीनशेवा भाग! मिररिंग करताना हे संक्षेपाचे काम फोनला क्षणोक्षणी स्वतः करावे लागते. म्हणून तो तापतो, त्याची वीज लवकर संपते, आणि टीव्हीवरील चित्र फोनच्या किंचित मागे राहते. मात्र या रीतीचा एक मोठा गुण आहे. २०१२ साली पुढे आलेल्या मिराकास्ट या पद्धतीत फोन आणि टीव्ही यांचा थेट संबंध जुळतो. त्यामुळे ज्या गावी इंटरनेट नाही, तेथेही फोनमध्ये साठविलेला धडा साऱ्या वर्गाला मोठ्या पडद्यावर दाखविता येतो.

दोन्ही रीती पाहणाऱ्याला सारख्याच वाटतात. पण त्यांतील भेद जाणणे अत्यंत आवश्यक आहे. पहिल्या रीतीत टीव्हीला एक चिठ्ठी मिळते. तुमच्या फोनमधील इतर काही त्याला दिसत नाही. दुसऱ्या रीतीत आपण आरसा धरतो, आणि आरशाला पंक्तिप्रपंच ठाऊक नसतो. सुंदर मुख आणि कोपऱ्यातील केर तो सारख्याच प्रामाणिकपणे दाखवितो. पाहुण्यांसमोर संमेलनाचे चलच्चित्र चालू असताना आईला आलेले खासगी पत्र किंवा बँकेने पाठविलेला गुप्त क्रमांक पडद्यावर झळकू शकतो. म्हणून मिररिंग करण्यापूर्वी फोनवर येणाऱ्या सूचना बंद ठेवाव्यात आणि काम संपताच संबंध तोडावा. परक्याच्या टीव्हीवर तर विशेष जपावे.

याहूनही सावध राहण्याचा एक प्रसंग असतो. फोनचा पडदा समोरच्या टीव्हीला दाखविता येतो, तसाच तो इंटरनेटवरून दूरच्या माणसालाही दाखविता येतो. काही भामटे बँकेचे अधिकारी असल्याची बतावणी करतात आणि "तुमचा पडदा आम्हांला दाखवा, म्हणजे आम्ही अडचण दूर करतो," असे गोड बोलून भोळ्या माणसांकडून हे करवून घेतात. मग गुप्त क्रमांक त्यांच्या डोळ्यांसमोर येतात आणि आयुष्यभराची पुंजी हातोहात नाहीशी होते. अनेक घरांतून फोनची माहिती वडीलधाऱ्यांपेक्षा मुलांनाच अधिक असते. तेव्हा आजीला वारी दाखविणाऱ्या नातवंडाने तिला हेही समजावून सांगावे की, आजी, अनोळखी माणसाला फोनचा पडदा दाखविणे म्हणजे तिजोरी उघडी टाकून त्याला घरात बोलाविणे होय.

आणखी एक गोष्ट. एकाच वाय-फायवरील कोणीही टीव्हीवर चित्र लावू शकतो. बाबा बातम्या पाहत असता दुसऱ्या खोलीतून त्यांचे चित्र घालवून आपले लावणे यंत्राला शक्य आहे. परंतु जे जे शक्य, ते ते योग्य असते असे नाही. आधी विचारावे, मग लावावे. मोठा पडदा सर्वांचा असतो.

यंत्राची कळ दाबणे कोणालाही येते. ती दाबल्यावर काय घडते हे ज्याला कळते, त्याला चिठ्ठी केव्हा द्यावी आणि आरसा केव्हा धरावा हेही कळते. तोच यंत्राचा धनी होतो. बाकीचे त्याचे नुसते गिऱ्हाईक राहतात.

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जुन्या दूरचित्रवाणी संचात आणि स्मार्ट टीव्हीत मुख्य भेद कोणता?
(आ) राउटरला टपालकचेरी का म्हटले आहे?
(इ) फोन स्वतः दुकानदार केव्हा होतो?

२. कारणे द्या.
(अ) फोन व टीव्ही एकाच खोलीत असूनही कधी कधी त्यांची गाठ पडत नाही.
(आ) मिररिंग करताना फोन तापतो.
(इ) पाहुण्यांसमोर मिररिंग करताना सूचना बंद ठेवाव्यात.

३. 'चिठ्ठी' आणि 'आरसा' या दृष्टान्तांच्या आधारे दोन्ही रीतींतील भेद दहा ओळींत लिहा.

४. संधी सोडवा : चलच्चित्र, पुनःपुन्हा नव्हे तर 'सूर्यास्त', दृष्टान्त.

५. वाक्यांत उपयोग करा : मुकाट्याने, तोड काढणे, पंक्तिप्रपंच, बतावणी करणे, हातोहात नाहीसे होणे.

६. अनोळखी माणसाला फोनचा पडदा का दाखवू नये, हे घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगा व तो संवाद वहीत लिहून काढा.