लष्करी जनित्राचा योग्य खंडक कसा ओळखावा?

बंगळूर शहरातील चामराजपेट हा भाग १८९२ साली वसविण्यात आला. त्याच्या शेजारच्या बाजारपेठेच्या परिसरात ५ ऑगस्ट १९०५ रोजी विजेचे दिवे लागले. ही वीज कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथील केंद्रातून येत असे. १९०२ साली सुरू झालेल्या या केंद्राची वीज आरंभी कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळे आणि तिची वारंवारता सेकंदाला २५ आवर्तने होती. आज त्याच पेठेतील घरांत ५० आवर्तनांची वीज येते. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल : वीज म्हटली की ती सर्वत्र सारखीच, असे नाही.

लष्कराने विक्रीस काढलेले जुने जनित्र जेव्हा एखाद्या कारखान्यात येते, तेव्हा हीच गोष्ट महत्त्वाची ठरते. अमेरिकी बनावटीच्या लष्करी जनित्रांत ६० आवर्तनांची, तर काहींत ४०० आवर्तनांची वीज निर्माण होते. अशा यंत्राचा खंडक, म्हणजे सर्किट ब्रेकर, बिघडला, तर चामराजपेटेजवळच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर मिळणारा त्याच आकाराचा व तितक्याच अँपिअरचा खंडक त्याजागी बसविता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर चार पायऱ्यांनी शोधता येते.

पहिली पायरी ओळखक्रमांकाची. अमेरिकी व नाटो देशांच्या लष्करी साहित्यावर तेरा अंकी साठाक्रमांक असतो. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग दर्शवितात : ६११५ म्हणजे जनित्रसंच, ५९२५ म्हणजे खंडक. पुढचे दोन अंक देशाचे व उरलेले सात त्या वस्तूचे. १९७४ पूर्वीच्या अमेरिकी साहित्यावर देशाचे दोन अंक नसल्यामुळे हा क्रमांक अकराच अंकी आढळतो. जुन्या खंडकावर असा क्रमांक असल्यास तो आधी टिपून घ्यावा. पुढील शोध त्याच्याच आधारे निश्चितपणे होतो.

दुसरी पायरी प्रवाहाची. समजा, नामपट्टीवर १० किलोवॉट व शक्तिगुणांक ०.८ असे लिहिले आहे. दहास ०.८ ने भागले असता १२.५ किलोव्होल्ट-अँपिअर येतात. यंत्र एका फेजवर २४० व्होल्टला जोडलेले असल्यास पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे ५२ अँपिअर होतो. तीन फेजवर २०८ व्होल्टला जोडल्यास सुमारे ३५ अँपिअर. यंत्र एकच, परंतु जोडणीनुसार प्रवाह निराळा. म्हणून जोडणी न पाहता खंडकाचे माप ठरवू नये. १२०/२४० व्होल्टच्या जोडणीत दोन्ही बाहेरच्या तारा दाबयुक्त असतात. त्या दोन्ही एकाच वेळी तोडणारा खंडक तेथे हवा.

तिसरी पायरी विजेच्या प्रकाराची. ५० आवर्तनांचा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदातून शंभर वेळा शून्यावर येतो, आणि त्या क्षणी संपर्कांमधील ठिणगी विझण्यास मदत होते. एकदिश प्रवाह शून्यावर येत नाही. यास्तव जनित्राच्या २४ व्होल्टच्या बॅटरीमंडलात एकदिश प्रवाहासाठी मान्य असलेलाच खंडक बसवावा. ४०० आवर्तनांच्या यंत्रात खंडकाचे भाग अधिक तापतात, आणि त्याची चुंबकीय यंत्रणा नेहमीपेक्षा अधिक प्रवाहावर सुटते. तेव्हा खंडकावर लिहिलेली वारंवारताही जुळली पाहिजे.

चौथी पायरी सुटण्याच्या रीतीची, आणि येथेच बहुधा चूक होते. सामान्य खंडकात दोन रक्षक असतात. अधिक भाराने द्विधातू पट्टी हळूहळू वाकून मंडल तोडते. लघुपरिपथन झाल्यास विद्युत्चुंबक ते तत्काळ तोडतो. घरगुती खंडकांपैकी बी जातीचा चुंबक निर्धारित प्रवाहाच्या तीन ते पाच पटींत, सी जातीचा पाच ते दहा पटींत, तर डी जातीचा दहा ते वीस पटींत सुटतो. शहराच्या विद्युत्पुरवठ्यातून लघुपरिपथनाच्या वेळी फार मोठा प्रवाह येतो. लहान जनित्राचे तसे नाही. पहिल्या क्षणाचा जोर ओसरला की त्याचा प्रवाह पूर्ण भाराच्या तिपटीच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी, राहू शकतो. ५० अँपिअरच्या सी जातीच्या खंडकाला तत्काळ सुटण्यास किमान २५० अँपिअर लागतात. वरील यंत्र तेवढा प्रवाह टिकवून धरीलच, असे नाही. मग चुंबक स्वस्थ राहतो, पट्टी सावकाश तापते, आणि तोवर जनित्राची वेटोळी जळू लागतात.

खंडक वारंवार सुटतो म्हणून त्याजागी मोठा खंडक बसविण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. सुटणारा खंडक दोष दाखवीत असतो, तो स्वतः दोष नसतो. क्रमांक, प्रवाह, विजेचा प्रकार व सुटण्याची रीत ही चारही जुळेपर्यंत जनित्र बंद ठेवावे, आणि प्रत्यक्ष बदल परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावा. खोक्याचे माप जुळले म्हणजे खंडक जुळला, असे नव्हे.